आधी कामाची घडी, मग माणसांचा उत्साह

दहा-पंधरा माणसांचा धंदा चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात मोठी डोकेदुखी कुठली? भांडवल, मार्केट, वसुली ही उत्तरं नंतर येतात. पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "माणसं मिळत नाहीत हो. मिळाली तर टिकत नाहीत. टिकली तर कामाला लागत नाहीत." मीही काही वर्षं हेच म्हणत होतो. मग एक प्रसंग घडला.

एका ग्राहकाचा माल पॅक होऊन दाराशी पडून होता. तीन दिवस. पॅकिंगवाल्याला वाटलं, ऑफिसमधून गाडी सांगितली असेल. ऑफिसातल्याला वाटलं, माल तयार झाला की पॅकिंगवाला येऊन सांगेल. चौथ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला आणि मी दोघांनाही सगळ्यांसमोर झाडलं. संध्याकाळी डोकं थंड झाल्यावर मनात आलं, गाडी सांगणं हे या दोघांपैकी कुणाचं काम, हे मी कधी सांगितलं होतं का? नव्हतंच सांगितलं. पूर्वी ऑर्डरी कमी होत्या तेव्हा ते मीच करायचो. काम वाढलं, तसं ते माझ्या हातून सुटलं आणि कुणाच्याच हातात पडलं नाही.

ज्याला आपण माणसांचा आळस म्हणतो, त्यातला बराचसा आपण लावलेल्या कामातला ढिसाळपणा असतो, हे माझं मत तेव्हापासूनचं. म्हणून या लेखाचा क्रम जरा उलटा वाटेल. प्रोत्साहन, बक्षीस, पाठ थोपटणं हे सगळं येईल, पण उशिरा. पाच ते पंचवीस माणसं असलेल्या, वेगळा एचआर विभाग नसलेल्या मालकाला किंवा मॅनेजरला डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

पहिली पायरी: कामांची यादी, माणसांची नव्हे

बहुतेक जण "हा काय करतो, ती काय करते" इथून सुरुवात करतात. त्यात मेख अशी की जे कुणीतरी करतंय तेवढंच कागदावर येतं. जे कुणीच करत नाही ते निसटतं. त्यापेक्षा ग्राहकाची पहिली चौकशी येते तिथपासून त्याचे पैसे खात्यात जमा होईपर्यंत काय काय घडावं लागतं, ते एकाखाली एक लिहा. चौकशीला उत्तर देणं, दर कळवणं, ऑर्डर पक्की करणं, कच्चा माल मागवणं, आलेला माल मोजून घेणं, तयार माल तपासणं, गाडी सांगणं, बिल पाठवणं, वसुलीचा फोन करणं. एका बैठकीत ही यादी होत नाही. दोन आठवडे एक वही टेबलावर उघडी ठेवा आणि "अरेच्चा, हेही कुणीतरी करतं" असं लक्षात आलं की टिपून ठेवा. साठ-सत्तर ओळी झाल्या तर दचकू नका.

मग प्रत्येक ओळीसमोर एक नाव लिहा. एकच. मदतीला चार जण असू देत, पण काम राहिलं तर कुणाला विचारायचं, ते नाव एकच हवं. "दोघं मिळून बघून घेतील" असं जिथे म्हणाल, तिथे तुमचा माल दाराशी पडून राहणार. त्यापुढच्या रकान्यात, तो माणूस रजेवर असेल तेव्हा कोण, हे लिहा.

एकाच नावाचा हा आग्रह का? मॅक्सिमिलियन रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली छापलेल्या त्याच्या आकड्यांत एकट्या माणसाचा जोर १०० धरला, तर आठ जणांच्या टोळीत दरडोई जोर ४९ वर येतो. काही जोर सगळ्यांनी एकाच क्षणी ओढणं न जमल्याने वाया जातो आणि काही "बाकीचे आहेतच की" या भावनेने. आठ जणांत मिळून एक काम दिलं की ऑफिसातही असंच होतं, फक्त तिथे जोर मोजायचं यंत्र नसतं.

यादी पुरी झाली की तीन गोष्टी आपोआप दिसतात. काही ओळींपुढे नावच नाही. एखाद्याच माणसाचं नाव वीस ठिकाणी आहे. तो "हळू" का आहे, याचं उत्तर तिथेच मिळतं. आणि सगळ्यात जास्त ओळींपुढे तुमचं स्वतःचं नाव आहे. त्यातल्या कुठल्या ओळी वर्षभरात दुसऱ्याकडे द्यायच्या, त्यांवर आत्ताच खूण करून ठेवा.

दुसरी पायरी: कुणी कुणाला विचारायचं

खाणकंपनी वर्षानुवर्षं चालवलेल्या हेन्री फेयॉल यांनी १९१६ मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं मांडली. कॉमर्सच्या परीक्षेत ती चौदाच्या चौदा लिहून आपण विसरतो. त्यातलं एक मात्र रोज उपयोगी पडतं: एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. भागीदारीच्या किंवा घरच्यांनी मिळून चालवलेल्या धंद्यात हे सगळ्यात जास्त मोडतं. सकाळी एक जण सांगतो "आधी हे संपव", दुपारी दुसरा विचारतो "ते का नाही केलं?" माणूस हुशार असेल तर दोघांनाही खूश ठेवायला शिकतो. काम शिकायचं राहून जातं.

माणसं वाढली की गोंधळ का वाढतो, याचं गणित सोपं आहे. पाच माणसांत दोघा-दोघांच्या जोड्या होतात १०. दहा माणसांत ४५. पंधरा माणसांत १०५. माणसं तिप्पट झाली आणि "मी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस" व्हायच्या जागा दहापटींहून जास्त झाल्या. म्हणून सात-आठ माणसांच्या पुढे गेलात की मधे एक जबाबदार माणूस नेमावा लागतो.

इथे एक चूक मी स्वतः केली आहे. हाताखालचा सगळ्यात चांगला कारागीर उचलून त्याला सुपरवायझर केलं. परिणामी एक उत्तम कारागीर गमावला आणि एक वैतागलेला सुपरवायझर मिळाला. दुसऱ्याचं काम वाईट होताना बघून त्याला शिकवायचं सुचत नसे. तो हातातून काढून घेऊन स्वतःच करून टाकायचा. सुपरवायझर निवडताना हात कुणाचा चांगला हे बघू नका. अडलं की बाकीचे आपणहून कुणाकडे जातात, ते बघा. आणि पद कायमचं देण्याआधी तीन महिने तात्पुरती जबाबदारी द्या, परतीचा रस्ता मानाचा ठेवून. "जमलं नाही म्हणून खाली आणलं" असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

सुपरवायझर नेमल्यावर सगळ्यात कठीण काम तुमचं असतं: त्याला ओलांडून थेट हुकूम न देणं. माणसं सवयीने तुमच्याकडेच येतील. "त्यांना विचारलंस का?" एवढंच म्हणा आणि परत पाठवा. पहिला महिनाभर जीभ चावून बसावं लागतं.

तिसरी पायरी: माणूस घेताना

यावर फार लांबण लावत नाही. गप्पा छान मारणारा माणूस कामही छान करेल असं मुलाखतीत वाटतं, आणि तिथेच फसगत होते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. कामाचा नमुना करून बघणं आणि सगळ्यांना तेच ते ठरलेले प्रश्न विचारणं, या दोन पद्धती मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा त्यात सरस ठरल्या. तेव्हा पाच प्रश्न आधी लिहून ठेवा, प्रत्येकाला तेच विचारा, उत्तराला लगेच गुण द्या. मग अर्धा दिवस खरं काम करायला लावा आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या.

नवीन माणसाला पहिल्या आठवड्यात साहेब भेटला नाही तरी चालेल. बिनधास्त काहीही विचारता येईल असा एक सोबती मात्र ठरवून द्या. आणि महिना झाला की त्याला विचारा, "आमच्याकडची कुठली पद्धत तुला विचित्र वाटते?" त्याची नजर तेवढा एकच महिना ताजी असते. नंतर तोही आपल्यासारखाच होतो.

चौथी पायरी: काम सांगायचं कसं

"तो गोडाऊनचा स्टॉक जरा बघून घे."

हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याची गणती नाही. एकदा एक मुलगा खरोखरच गेला, स्टॉक बघितला आणि परत आला. "बघितला सर." त्याचं काय चुकलं? मला बॉक्स मोजून हवे होते, रजिस्टरशी जुळवून हवे होते, कमी-जास्त लिहून हवं होतं. हे सगळं माझ्या डोक्यात होतं आणि तोंडातून निघालं "जरा बघून घे".

आता मी तेच असं सांगतो: "गोडाऊनमधले सगळे बॉक्स मोजून रजिस्टरशी जुळव. जिथे फरक येईल ते वेगळ्या कागदावर लिही. गुरुवारी चार वाजेपर्यंत कागद माझ्या टेबलावर हवा. फरक पाच बॉक्सच्या आत असेल तर तूच परत मोजून निकालात काढ. जास्त निघाला तर हात लावू नकोस, मला बोलाव."

यात पाच गोष्टी आल्या. काय करायचं, झालं म्हणजे नेमकं काय दिसलं पाहिजे, कधीपर्यंत, स्वतःच्या अखत्यारीत काय ठरवायचं, आणि कुठे थांबून विचारायचं. शेवटच्या दोन बहुतेक जण सांगत नाहीत. त्या सांगितल्या नाहीत की माणूस एक तर दर दहा मिनिटांनी विचारायला येतो, नाही तर काहीच न विचारता घोळ करून ठेवतो. दोन्ही वेळा आपण त्यालाच बोलतो.

सांगून झालं की "समजलं ना?" विचारू नका. त्याचं उत्तर जगात सगळीकडे "हो" असंच येतं. "सुरुवात कुठून करशील?" असं विचारा. दोन वाक्यांत कळतं, काय पोचलं आणि काय नाही.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी उद्दिष्टांवर अनेक वर्षं काम केलं. त्यांचा निष्कर्ष असा की "जमेल तेवढं चांगलं कर" म्हणण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं तर काम जास्त होतं. अट एवढीच की माणसाला ते पटलेलं असावं आणि आपण कुठवर आलो हे त्याला मधूनमधून कळत असावं. म्हणून आकडा वरून टाकण्याआधी त्यालाच विचारा, "किती होईल?" पुष्कळदा तो आपल्या मनातल्यापेक्षा मोठा आकडा सांगतो. मग त्यालाच वास्तवावर आणावं लागतं.

आता, प्रत्येकाला इतकं फोडून सांगायचं का? नाही. इंटेलचे प्रमुख राहिलेले अँडी ग्रोव्ह म्हणत की किती लक्ष घालायचं हे माणूस त्या विशिष्ट कामात किती मुरलेला आहे यावर ठरवावं. मेख "त्या विशिष्ट कामात" या शब्दांत आहे. दहा वर्षं डिस्पॅच सांभाळणाऱ्या माणसाला डिस्पॅचमध्ये फक्त तारीख सांगा. पण त्यालाच उद्या खरेदीला बसवलंत, तर तिथे तो नवखाच. वयाचा आणि जुनेपणाचा मान राखून त्यालाही पायरी-पायरीने सांगावं लागतं. जुन्या माणसाला "तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही अनुभवी" म्हणून मोकळं सोडणं दिसायला आदराचं असतं. प्रत्यक्षात आपण त्याला एकटं पाडत असतो.

पाचवी पायरी: रोजची दहा मिनिटं, आठवड्याची वीस मिनिटं

रोज सकाळी उभ्याउभ्या दहा मिनिटं. प्रत्येकाने सांगायचं: आज काय संपवणार, कुठे अडलंय. तिथे चर्चा नको; ज्याचं अडलंय त्याने आणि ज्याच्यामुळे अडलंय त्याने नंतर बाजूला बोलावं. खुर्च्या आल्या की दहाची चाळीस मिनिटं होतात, हे अनुभवाने सांगतो.

खरी किमया मात्र दुसऱ्या भेटीत आहे. प्रत्येक माणसाशी, एकट्याने, आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून वीस मिनिटं. मालक लोक म्हणतात, "आम्ही दिवसभर एकाच हॉलमध्ये असतो, वेगळं कशाला भेटायचं?" मीही म्हणायचो.

आमच्याकडे बिलिंगला एक बाई होत्या. काम नेटकं, पण वेग कमी. मी त्यांना मनातून "हळू" या खात्यात टाकून ठेवलं होतं. पहिल्या भेटीत विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" "हो सर." भेट दोन मिनिटांत संपली. पुढच्या आठवड्यात प्रश्न बदलला: "या आठवड्यात कुठलं काम दोनदा करावं लागलं?" त्या थोडं थांबल्या, मग ड्रॉवरमधून एक गठ्ठा काढला. आठवड्याच्या चाळीस बिलांपैकी अकरा रद्द करून पुन्हा केलेली. विक्रीवाली मुलं ग्राहकाला सूट कबूल करायची, ती कधी फोनवर कळवायची, कधी मेसेजवर, कधी बिल निघून गेल्यावर.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"बोलले होते एकदा. तुम्ही म्हणालात, आपसात बघून घ्या."

सूट लिहिल्याशिवाय ऑर्डरचा कागद स्वीकारायचा नाही, असा एक नियम केला. महिनाभरात त्या "हळू" राहिल्या नाहीत. बाई त्याच, पगार तोच, आणि भाषण मी एकही दिलं नव्हतं.

त्या भेटीत काय विचारावं? माझे ठरलेले प्रश्न असे. काय दोनदा करावं लागलं? कुणाची वाट बघत बसावं लागलं? माझ्यामुळे काय अडलं? नवीन काय शिकावंसं वाटतंय? चारही दर वेळी नाही, एखाद-दुसराच. समोरच्याने बोलावं, आपण लिहून घ्यावं. लिहिलेल्यातली निदान एक गोष्ट पुढच्या भेटीआधी व्हायला हवी, निदान "होणार नाही, आणि का" एवढं तरी सांगायला हवं. विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. आणि भेट रद्द करायची वेळ आली तर तिथल्या तिथे पुढची तारीख द्या. तुमच्यासाठी ती वीस मिनिटं असतात, त्याने आठवडाभर मनात जुळवून ठेवलेलं बोलणं असतं.

सहावी पायरी: पैसा

"पैशाने माणूस टिकत नाही" असं म्हणणारे मालक मला बहुधा पगार कमी देणारे आढळलेत. त्यामुळे आधी साधी गोष्ट: पगार ठरल्या तारखेला आणि बाजाराच्या बरोबरीने. त्याआधी प्रोत्साहनाचं नाव काढू नका.

फोर्ड कंपनीत १९१३ साली माणसं सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांच्या घरात होतं. म्हणजे एका जागेवर वर्षात सरासरी तीनाहून अधिक माणसं बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने रोजंदारी दुपटीहून जास्त केली आणि पाळी नऊ तासांवरून आठ तासांवर आणली. हे औदार्य म्हणून सांगितलं जातं, पण नवा माणूस घेऊन पुन्हा पुन्हा शिकवण्याचा खर्च त्यामागे होता. त्या वाढीचा मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून होता, आणि तो मिळण्यासाठी कंपनीची माणसं घरी येऊन राहणीमान तपासायची, ही बाजू फारशी सांगितली जात नाही. तुमच्याकडे एक माणूस गेला की जाहिरात, मुलाखती, शिकवण्यात जाणारे तास, नवख्याच्या हातून बिघडलेला माल हे सगळं एकदा कागदावर मांडून बघा. पगारवाढीचं गणित वेगळं दिसायला लागतं.

पण पगार चांगला दिला म्हणजे माणूस उत्साहाने काम करेलच, असंही नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांना विचारलं, कामावर सगळ्यात छान कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी? १९५९ मध्ये मांडलेल्या त्यांच्या निष्कर्षात दोन्हींची कारणं वेगवेगळी निघाली. पगार, साहेबाची वागणूक, नियम, जागेची सोय हे बिघडलं की माणूस नाराज होतो. ते सुधारलं की नाराजी जाते, उत्साह येईलच असं नाही. उत्साह येतो तो काहीतरी जमल्याने, त्याची दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने, पुढे सरकल्याने. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. तरी कामापुरता हा भेद मला उपयोगी वाटतो: कुणी नाराज असेल तर आधी पहिली यादी तपासा, कुणी सुस्त असेल तर दुसरी. (ट्रेनिंगमध्ये हमखास दाखवतात त्या मास्लोच्या पिरॅमिडबद्दल, म्हणजे माणसाच्या गरजांच्या चढत्या पायऱ्यांबद्दल, काही म्हणत नाही. त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही, एवढं मात्र सांगतो.)

इन्सेन्टिव्ह हे दुधारी शस्त्र आहे. जे मोजून पैसे द्याल, तेच मिळेल आणि बाकीचं मरेल. नगावर पैसे दिले की दर्जा घसरतो, विक्रीवर दिले की वसुली अडकते. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेत कर्मचाऱ्यांवर खाती उघडण्याचं टार्गेट इतकं रेटलं गेलं की त्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि या प्रकारापायी सुमारे ५,३०० लोकांना बँकेने काढून टाकलं होतं. इतकी सगळी माणसं मुळातच लबाड होती, हे मला पटत नाही.

म्हणून इन्सेन्टिव्ह लावायचाच असेल तर आधी एक संध्याकाळ लबाडाच्या भूमिकेत बसा: ही योजना माझ्यावर लागली असती तर कमीत कमी कष्टांत मी पैसे कसे काढले असते? जी पळवाट सापडेल ती बुजवा. एका आकड्याला दुसऱ्याचा लगाम लावा. विक्रीचे पैसे वसुली झाल्यावर, नगाचे पैसे तपासणीत पास झाल्यावर. योजना तीन महिन्यांची म्हणूनच जाहीर करा. बंद करताना मग "आमचं काढून घेतलं" असं होत नाही. आणि जे काम माणूस आपल्या हौसेने करतोय त्याला भाव लावायला जाऊ नका. एडवर्ड डेसी या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. ज्यांना मधे पैसे दिले, त्यांनी पैसे थांबल्यावर रिकाम्या वेळात त्या कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावला.

सातवी पायरी: शाबासकी आणि कानउघाडणी

"छान काम करतोस" ही शाबासकी नव्हे, तो नमस्कार झाला. "काल तू लेबलवरचा नंबर ऑर्डरशी ताडून बघितलास म्हणून चुकीचा माल जायचा वाचला" ही शाबासकी. काय केलं आणि त्याने काय झालं, दोन्ही हवं. शक्यतो त्याच दिवशी. सगळ्यांसमोर करावी की एकट्याला? माणसावर आहे. काहींना चारचौघांत संकोच वाटतो. विचारून ठेवा.

कानउघाडणी मात्र नेहमी एकट्याला. आणि ती करण्याआधी स्वतःशी ओळीने विचारा: काय करायचं हे त्याला माहीत होतं का? करता येतं का? साधन आणि वेळ होता का? योग्य केल्याची त्यालाच शिक्षा तर होत नाही ना, म्हणजे काम लवकर संपवणाऱ्याच्याच गळ्यात उरलेल्यांचं पडत नाही ना? या चारही ठिकाणी सगळं ठीक असेल तरच "मुद्दाम करत नाही" या निष्कर्षाला या. तिथवर फार थोडी प्रकरणं पोचतात.

बोलताना स्वभावावर जाऊ नका. "तू बेफिकीर आहेस" म्हटलं की तो बेफिकिरीवर वाद घालेल. "या महिन्यात चार वेळा तू साडेनऊनंतर आलास. तू येईपर्यंत मशीन बंद असतं आणि पुढचे दोघं बसून राहतात. काय होतंय?" आणि मग गप्प बसा. ही शांतता अवघड जाते. आपण ती भरून काढतो आणि त्याचं उत्तर आपणच देऊन टाकतो. तसं करू नका. शेवटी काय ठरलं ते त्याच्याच तोंडून येऊ द्या, आणि पुन्हा कधी बसायचं ती तारीख ठरवा.

चुका सांगितल्या जाव्यात असं वाटत असेल तर पहिली चूक सांगणाऱ्याचं काय होतं यावर सगळं अवलंबून असतं. एमी एडमंडसन या संशोधिकेने रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या. चुका जास्त होत नव्हत्या, लपवल्या जात नव्हत्या. टोयोटाच्या कारखान्यात लाइनवरच्या कामगाराला गडबड दिसली की तो दोरी ओढतो. टीम लीडर धावत येतो, आणि वेळेत उपाय झाला नाही तर लाइन थांबते. दोरी टांगणं सोपं आहे. ती ओढणाऱ्याकडे डोळे वटारून न बघणं, हे शिकायला वेळ लागतो.

आठवी पायरी: निरोप

सगळं करूनही काही माणसं जमत नाहीत. तिथे चालढकल केली की त्याची किंमत चांगली माणसं भरतात, कारण त्याचं उरलेलं काम त्यांच्याच अंगावर येतं. काय सुधारायला हवं ते लेखी द्या, मुदत द्या, मधे दोनदा बसा. तरीही नाही झालं तर स्पष्ट सांगा. नोटीस, हिशेब, देणी यांत तुमच्याकडच्या कामगार कायद्याप्रमाणे चला, शंका असेल तर आधी सल्ला घ्या. काढल्याची बातमी त्याला इतर कुणाकडून कळता कामा नये. आणि राहिलेल्यांना त्याच दिवशी दोन वाक्यांत सांगा, कारणांची उजळणी न करता.

जाणाऱ्याला "का चाललास?" विचारण्यापेक्षा राहिलेल्यांना "कशामुळे थांबलायस?" विचारणं मला जास्त कामाचं वाटतं. जाणारा बहुतेकदा गोडच बोलतो.

एवढं सगळं सुरू करून तीन-चार महिने झाले की एक चाचणी घ्या. तीन दिवस कामावर जाऊ नका. फोन बंद ठेवा. अगदी आग लागली तरच करायचा म्हणून एक नंबर सुपरवायझरकडे द्या. जाताना एक कोरी वही त्याच्या टेबलावर ठेवा आणि सांगा, "मी नाही म्हणून जे जे अडलं ते लिहून ठेवा. अडलं म्हणून कुणालाही काही बोलणार नाही." परत आल्यावर वही उघडा. माझ्या पहिल्या वहीत चौदा ओळी निघाल्या. त्यातल्या नऊ ठिकाणी माझी फक्त सही हवी होती, दोन ठिकाणी किल्ली, आणि तीन ठिकाणी खरोखर माझी गरज होती. किल्ली त्याच दिवशी दुसरी करून घेतली. सह्यांच्या नऊ ओळी पहिल्या पायरीतल्या त्या यादीत, दुसऱ्यांच्या नावांपुढे गेल्या.